स्मॅश आणि मनगटाची दंतकथा

सातपुड्याच्या उतारांवर, अक्कलकुवा आणि धडगावच्या बाजूला, ज्वारी दाण्यात आली की तिच्या राखणीला गोफण निघते. साधन अगदी साधे आहे. दोन दोऱ्या, मध्ये खडा बसेल एवढी विणलेली खोळ. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचे टोक चिमटीत धरायचे, खडा ठेवून गोफण फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. दोरीला स्वतःची काहीच ताकद नसते. तरीही नुसत्या हाताने फेकलेल्या खड्यापेक्षा गोफणीचा खडा कितीतरी दूर जातो. राखणदाराच्या हाताऐवजी त्याच्या पायांकडे पाहिले तर कारण उमगते. हालचाल पावलापासून निघते, कंबरेतून वर चढते, खांद्यात पोहोचते, कोपरातून पुढे सरकते आणि सर्वांत शेवटी दोरीत उतरते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी तो पश्चिम खानदेशचा भाग होता, आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशचा. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा डोंगरातल्या भिल्लांपाशी तिरकमठा होता आणि गोफणही होती. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली तीही याच मुलखात. त्या राजकारणाची कथा निराळी आणि बरीच कटू आहे. येथे गोफणीचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी. बॅडमिंटनमध्ये ‘स्मॅश’ नावाचा जो फटका आहे, त्याचे यंत्रशास्त्र आणि गोफणीचे यंत्रशास्त्र मुळात एकच आहे. फरक इतकाच की गोफणीबद्दल कोणी कधी चुकीचे शिकवले नाही. स्मॅशबद्दल मात्र दीर्घकाळ चुकीचे शिकवले गेले, आणि ती चूक एका शब्दात मावते: मनगट.

डोक्यावरून हात आणून वेगाने काही भिरकावणे ही माणसाची फार जुनी कला. चिंपांझी अंगबळाने माणसाला सहज भारी पडतो, पण त्याला वेगाने आणि नेमके फेकता येत नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नील रोच, डॅनिएल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी याचे कारण मांडले. फेकण्यापूर्वी हात मागे नेला जातो तेव्हा खांद्याभोवतीचे स्नायू आणि बंध ताणले जातात. ताणलेल्या रबरासारखी त्यांत ऊर्जा साठते, आणि सुटका होताच दंड स्वतःच्या अक्षाभोवती आतल्या बाजूला झपाट्याने फिरतो. लवचीक कंबर, खाली आलेला खांदा आणि दंडाच्या हाडाची ठेवण या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस मानवात दिसू लागतात. म्हणजे स्मॅशचे शरीर तयार व्हायला वीस लाख वर्षे होऊन गेली. खेळ मात्र जेमतेम दीडशे वर्षांचा.

त्या खेळाच्या जन्मकथेत पुणे येते. पिसांचे फूल लाकडी फळीने हवेत उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात जुनाच होता, पण त्याचा हेतू आजच्या अगदी उलट होता. फूल खाली पडू न देणे हेच त्यातले कौशल्य. इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाउस या बोफर्टच्या ड्यूकच्या वाड्यात एकोणिसाव्या शतकातल्या काही फळ्या जपून ठेवल्या आहेत. त्यांवर सलग दोन हजारांहून अधिक टोले झाल्याची नोंद आहे. समोरचा माणूस येथे जोडीदार असतो. त्याला परतवता येणार नाही असा टोला मारणे म्हणजे खेळ मोडणे.

मध्ये जाळे आले आणि जोडीदाराचा प्रतिस्पर्धी झाला. स्मॅशचा खरा जन्म या जाळ्याबरोबर झाला असे म्हणायला हरकत नाही. हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये इंग्रज अधिकारी हा जाळ्याचा खेळ आवडीने खेळू लागले. पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की त्याला ‘पूना’ हेच नाव पडले, आणि १८७३ च्या सुमारास त्याचे पहिले नियमही तेथेच बांधले गेले. तंजावरकडे वाऱ्यात पिसांचे फूल टिकत नाही म्हणून लोकरीचा चेंडू वापरत. त्यातून ‘बॉल बॅडमिंटन’ हा स्वतंत्र खेळ वाढला. निवृत्त अधिकाऱ्यांनी ‘पूना’ मायदेशी नेला. १८९३ मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. १९०१ पर्यंत मैदानाचा आकार डमरूसारखा होता, जाळ्यापाशी निमुळता. अशा मैदानात तिरका, जोरकस फटका मारायला जागा कमी. आयताकृती मैदान आणि बंदिस्त सभागृह मिळाले तेव्हा कुठे स्मॅशला मोकळीक मिळाली.

मैदानाची लांबी १३.४० मीटर, जाळ्याची उंची मध्यभागी १.५२४ मीटर. शटलला १६ पिसे आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला मारायला ताकद कशाला लागते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर वेगात आहे. शटलचा वेग रॅकेटच्या डोक्याच्या वेगावर ठरतो, आणि रॅकेटचे डोके वेगाने फिरवण्यासाठी हाताच्या टोकाशी काहीतरी विलक्षण घडावे लागते. ते ‘काहीतरी’ नेमके काय, याबद्दलच घोळ झाला.

प्रेक्षकाला, आणि खुद्द खेळाडूलाही, दिसते ते असे. फटक्याआधी हात मागे, मनगट मागे वाकलेले. फटक्यानंतर पंजा उलटून खाली. मधला क्षण डोळ्यांच्या आवाक्यातच येत नाही. रॅकेटची शेवटची झेप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते. सेकंदाला २४ चौकटी टिपणाऱ्या जुन्या चित्रपट-कॅमेऱ्यावर ती दोन-तीन चौकटींत संपते. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती जोडून मन स्वतःच मधली गोष्ट रचते: मनगटाने फटकारले. खेळ शिकवणाऱ्या पुस्तकांनी, प्रशिक्षकांनी आणि वार्ताहरांनी हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली.

हिंदुस्थानच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर होता. १८९६ मध्ये मँचेस्टरला रणजितसिंहजींनी इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या, तेव्हापासून इंग्रज लेखकांना ‘पौर्वात्य मनगटा’चे वेड लागले. चेंडू पायाजवळून अलगद वळवण्याची त्यांची कला पाहून त्यांना साप, जादूगार, लवचीक हाडे असे काय काय आठवले. ही स्तुती दिसते तितकी निर्मळ नाही. मनगट जन्मजात असेल तर सरावाचे श्रेय उरत नाही. रणजींनी केंब्रिजमध्ये व्यावसायिक गोलंदाजांसमोर तासन्‌तास घाम गाळला होता, हे या स्तुतीत सोयीस्कर रीतीने विसरले गेले. पुढे हिंदुस्थानी खेळाडू कोणत्याही खेळात चमकला की त्याच्या मनगटाची तारीफ ठरलेलीच.

मराठीत तर हा शब्द आधीच भारलेला. मनगटात जोर असणे, मनगटाच्या बळावर राज्य उभे करणे, मनगटशाही करणे. आपल्या भाषेत मनगट हे शरीराचा भाग कमी आणि पराक्रमाची उपमा अधिक आहे. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला प्रशिक्षकाने ‘मनगटातून मार’ म्हटले, तर त्याने शंका कशाला घ्यावी?

महाराष्ट्रातल्या बॅडमिंटनचा सुवर्णकाळही याच समजुतीच्या छायेत घडला. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या तारा, सुमन आणि सुंदर या तीन कन्यांनी १९४० च्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय बॅडमिंटनवर आपली छाप उमटवली. मागोमाग आले नंदू नाटेकर. १९३३ मध्ये सांगलीत जन्मलेले नाटेकर आधी टेनिस खेळत. बॅडमिंटनकडे वळल्यावर १९५३ मध्ये, विसाव्या वर्षी, ते राष्ट्रीय विजेते झाले. एकूण सहा वेळा त्यांनी एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९५४ मध्ये ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत धडक मारली. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधला पहिला मान त्यांचाच. २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नाटेकरांच्या हातात लाकडी चौकटीची रॅकेट होती. तीही जड, शिवाय पावसाळ्यात वाकू नये म्हणून खेळ संपला की चार स्क्रूंच्या लाकडी चिमट्यात आवळून ठेवावी लागे. अशा रॅकेटने त्यांचे हुकमी फटके, विशेषतः पाठीकडच्या बाजूने मारलेला बॅकहँड, पाहणाऱ्याला जादू वाटे. कौतुक कोणाचे झाले? अर्थातच मनगटाचे. आणि ते खरे असते तर जड लाकडी रॅकेटने रोज शेकडो फटके मारणाऱ्या माणसाचे मनगट किती वर्षे टिकले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा होता.

शरीररचनेचा एक साधा प्रयोग हा प्रश्न अर्धाअधिक सोडवतो. उजवा कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकवावा, तळहात आकाशाकडे. आता डाव्या हाताने उजव्या मनगटाच्या किंचित अलीकडचा भाग गच्च आवळावा आणि उजवा तळहात जमिनीकडे वळवू पाहावे. तो जवळजवळ वळतच नाही. डावा हात सोडताच वळतो. याचा अर्थ, कुलपात किल्ली फिरवताना जी हालचाल होते ती मनगटाच्या सांध्यात होतच नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे आहेत. तळहात खाली वळतो तेव्हा अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवे जाते. फिरतो तो संपूर्ण पुढचा हात. मनगट त्याच्यासोबत केवळ प्रवास करते. मनगटाला स्वतःच्या दोनच हालचाली येतात, पुढे-मागे वाकणे आणि दोन्ही कडांकडे झुकणे. या हालचाली घडवणारे स्नायू बारीक आहेत.

त्याच्याही वर दुसरे, अधिक बलवान फिरणे आहे, खांद्यातले. दोन मित्र पंजा लढवायला बसतात तेव्हा कोपर टेकलेला राहतो आणि दंड स्वतःभोवती आतल्या बाजूला पिळला जातो. हे काम छातीचा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू करतात, म्हणजे शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंपैकी दोन. स्मॅशमध्ये हीच पंजा लढवण्याची हालचाल डोक्यावर नेऊन कमालीच्या वेगाने केली जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचा पुरावा शस्त्रागारातही सापडतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले, तो दांडपट्टा पाहावा. त्याच्या पात्याला नेहमीच्या तलवारीसारखी मोकळी मूठ नसते. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आत आडवी दांडी मुठीत येते आणि वरून पट्टी आवळली जाते. मनगट जखडून टाकलेले. मनगटातच ताकद असती तर असे शस्त्र निकामी ठरायला हवे होते. प्रत्यक्षात पट्टेकऱ्याभोवती कोणी फिरकत नसे. त्याचा वार पवित्र्यातून निघे, कंबरेतून वळे आणि खांद्यातून सुटे.

मात्र पट्टा आणि रॅकेट यांत एक फरक आहे, आणि स्मॅशचे मर्म त्यातच आहे. पट्ट्याचे पाते पुढच्या हाताच्या सरळ रेषेत असते. त्यामुळे पुढचा हात किल्लीसारखा फिरवला तर पाते जागच्या जागी फिरते, धारेची दिशा बदलते, टोकाला वेग मिळत नाही. स्वयंपाकघरातली पळी हाताच्या सरळ रेषेत धरून फिरवली तर तसेच होते. तीच पळी हाताशी कोन करून धरली आणि तीच हालचाल केली, तर तिचे टोक मोठे वर्तुळ काढते. रॅकेटही पुढच्या हाताशी कोन करून धरलेली असते. म्हणूनच पुढच्या हाताचे आणि दंडाचे फिरणे थेट रॅकेटच्या डोक्यात उतरते. मनगटाचे खरे काम येथे कळते. तो कोन राखणे, आणि फटक्याच्या क्षणी बोटांनी पकड आवळली जाताच रॅकेटला स्थिर आधार देणे. हे काम महत्त्वाचे आहे, पण ते इंजिनाचे नाही, बिजागरीचे आहे.

हे सारे डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी हालचाल गोठवणारी साधने लागली. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारेने १८८० च्या दशकात एकाच काचेवर हालचालीचे अनेक क्षण टिपण्याची पद्धत बसवली. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइनने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर लहान दिवे बांधून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. त्याला आढळले की कसबी कामगाराचा हातोडा दरवेळी नेमका तेथेच पडतो, पण खांदा, कोपर आणि मनगट दरवेळी थोड्या वेगळ्या वाटेने जातात. कौशल्य एका सांध्यात राहत नाही, सांध्यांच्या आपसातल्या जुळवणीत राहते. बॅडमिंटनशी बर्नस्टाइनचा काही संबंध नव्हता, तरी या खेळाबद्दलचे सर्वांत मोलाचे विधान बहुधा त्यानेच केले.

बॅडमिंटनवर हा प्रकाश पडायला १९७० चे दशक उजाडावे लागले. कॅनडातल्या बार्बरा गोविट्झकी आणि डेव्हिड वॉडेल यांनी अव्वल खेळाडूंचे फटके वेगवान फिल्मवर टिपले आणि एकेक चौकट तपासली. ज्याला सारे जग मनगटाचा झटका म्हणत होते, तो तेथे सापडला नाही. सापडले ते दंडाचे आतल्या बाजूला फिरणे आणि पुढच्या हाताचे उलटणे. मनगट फटक्यापूर्वी मागे वाकलेले असते हे खरे, पण शटलला रॅकेट लागते तेव्हा ते जेमतेम सरळ झालेले असते. पुढचे वाकणे फटका होऊन गेल्यावरचे. १९७९ पर्यंत हे निष्कर्ष छापून आले. नंतरच्या त्रिमितीय मोजणीने चित्र अधिक बारकाईने रंगवले. मनगटाचा वाटा अगदी शून्य नाही, मात्र सर्वांत मोठा वाटा खांद्यातल्या फिरण्याचा आहे. त्यातही मनगट मागे वाकते ते बरेचसे रॅकेटच्या जडत्वामुळे: हात पुढे निघतो, रॅकेट मागे रेंगाळते, आणि शेवटच्या क्षणी चाबकाच्या टोकासारखी पुढे येते.

चाबूक, गोफण, स्मॅश. क्रम तिन्हींत सारखा. मोठा आणि संथ भाग आधी, लहान आणि चपळ भाग नंतर. मागचा पाय जमीन रेटतो, नितंब वळतात, मग छाती, मग कोपर पुढे येतो आणि त्याच वेळी पंजा अजून मागेच असतो. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. घाईने सर्व भाग एकदम फिरवले तर माणूस दुप्पट दमतो आणि शटल निम्म्याने जाते. नवखा खेळाडू दात-ओठ खाऊन मारतो आणि शटल जाळ्यात अडकते, त्याचे कारण बहुधा हेच.

चुकीच्या शब्दाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली ती रॅकेटच्या पकडीत. मनगट म्हणजे पुढे-मागे वाकणारी बिजागरी, असे मानले की रॅकेटचा चेहरा आधीपासूनच जाळ्याकडे वळवून धरणे ओघाने येते, जसे उलथने धरतात. या पकडीत पुढचा हात फिरवला की रॅकेटचा चेहरा शटलपासून भलतीकडे वळतो. मग खेळाडू नकळत ते फिरणे बंद करतो आणि बिचाऱ्या मनगटावर सारा भार टाकतो. योग्य पकड हस्तांदोलनासारखी असते, अंगठा आणि तर्जनी यांच्यात इंग्रजी व्ही अक्षराचा आकार. तिच्यात रॅकेट कडेने शटलकडे निघते, जणू सुरीने कापायला निघाली आहे, आणि फिरता फिरता ऐन वेळी चेहरा समोर येतो. मुलाला हे पहिल्यांदा सांगितले तर विश्वास बसत नाही. कडेने निघालेली रॅकेट शटलला लागेलच कशी?

म्हणूनच जाणते प्रशिक्षक हल्ली रॅकेट हातात देण्यापूर्वी फेकायला लावतात, जुने शटल, टेनिसचा चेंडू, जे हाताशी असेल ते. ज्याने लहानपणी चिंचेवर आणि आंब्यावर दगड मारले आहेत, ज्याने शेतात गोफण फिरवली आहे, त्याच्या अंगात फटक्याचा मोठा भाग आधीच आलेला असतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात पुण्या-मुंबईसारखी सभागृहे आणि शिकवणाऱ्यांची रांग नाही. तेथे मुलाच्या वाट्याला खेळाचे ज्ञान येते ते बहुतेक शब्दांतून, कोणीतरी मैदानाच्या कडेवरून ओरडून सांगितलेल्या दोन शब्दांतून. ते दोन शब्द ‘मनगट मार’ असावेत की ‘दगड फेक’ असावेत, याने त्या मुलाची कित्येक वर्षे ठरतात.

दुखापतींचाही हिशोब यात आहे. मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि २००६ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे खेळ थांबवला. इतक्या मोठ्या कारकिर्दीतली दुखापत एका फटक्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण मनगट किती नाजूक आहे, हे त्यातून दिसतेच. खांद्याचे दुखणे वेगळ्या जातीचे. स्मॅशमध्ये हात जितक्या वेगाने फिरतो, तितक्याच वेगाने त्याला थांबवावेही लागते. हा लगाम खांद्यामागच्या चपट्या, लहान स्नायूंच्या हाती असतो. पुढचे मोठे स्नायू व्यायामशाळेत वाढवले आणि मागचे दुर्लक्षिले, तर घोडा तगडा आणि लगाम कच्चा अशी गत होते.

साधनेही बदलत गेली. लाकडाची जागा पोलाद आणि ॲल्युमिनियमने घेतली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन तंतूंच्या रॅकेटी आल्या. आजची रॅकेट साधारण ८० ते ९० ग्रॅमची असते. हलकी रॅकेट त्याच स्नायूंनी अधिक वेगाने फिरते, आणि तिची लवचीक दांडी किंचित मागे वाकून पुन्हा सरळ होताना वेगात आणखी भर घालते. परिणाम आकड्यांत दिसतो. २००५ मध्ये चीनच्या फू हायफेंगच्या ताशी ३३२ किलोमीटरच्या स्मॅशने जग थक्क झाले होते. २०१७ मध्ये डेन्मार्कच्या मॅड्स पीलर कोल्डिंगने भारतातल्याच एका लीग सामन्यात ४२६ गाठले. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका येथे सात्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरची नोंद केली आणि २०१३ चा मलेशियाच्या तान बून हियोंगचा ४९३ चा विक्रम मोडला. आंध्रातल्या अमलापुरमचा सात्विक हा मुंबईच्या चिराग शेट्टीचा जोडीदार. मे २०२२ मध्ये बँकॉकला भारताने प्रथमच थॉमस कप जिंकला, त्यात या जोडीचा वाटा मोठा होता. सोकाची नोंद सामन्यातली नाही, खास मोजणीसाठी घेतलेल्या प्रयत्नातली आहे. दोन्हींची तुलना करताना हे भान ठेवावे लागते.

५६५ हा आकडा ऐकून गोलंदाजांची किंवा टेनिसपटूंची कीव करण्याचे मात्र कारण नाही. हा वेग शटल तारांवरून सुटते त्या क्षणाचा असतो. पिसांचा घेर हवेला इतका अडतो की साधारण चार-साडेचार मीटर जाईपर्यंत शटलचा वेग मूळ वेगाच्या एक तृतीयांशाहून थोडाच अधिक उरतो, आणि पुढच्या तितक्याच अंतरात पुन्हा तसाच घटतो. उंचावरून सोडलेले शटल तर सेकंदाला सहा-सात मीटरपेक्षा वेगाने पडतच नाही. म्हणून मैदानाच्या अगदी मागून मारलेला स्मॅश कितीही गडगडाटी असला तरी समोरच्याला तो परतवण्याची संधी असते. पुढे सरकून, उंचावर, तोल सांभाळून मारलेल्या स्मॅशला मात्र उत्तर अवघड.

हे गणित कागदावर न मांडता ज्याने मैदानात सोडवले, त्याचा सामना २३ मार्च १९८० रोजी लंडनमध्ये झाला. ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत इंडोनेशियाचा लिम स्वी किंग उभा होता. हवेत झेप घेऊन मारलेला त्याचा स्मॅश ‘किंग स्मॅश’ म्हणूनच ओळखला जाई, आणि आधीची सलग दोन विजेतेपदे त्याच्या नावावर होती. समोर बंगळूरचे प्रकाश पदुकोण. त्यांनी वेगाला वेगाने उत्तर दिले नाही. शटल कधी मागच्या रेषेपर्यंत उंच, कधी जाळ्याला खेटून अलगद, कधी अर्ध्या जोराच्या स्मॅशने बाजूला. किंगला झेप घ्यायला लागणारी दोन स्थिर पावलेच मिळेनात. खालून साखळी तुटली की खांदा काय आणि मनगट काय, दोन्ही रिकामे. निकाल लागला १५-३, १५-१०.